‘ॲसिडिटी’ नावाचं सस्पेन्स खातं



बी.कॉम.ला आम्हांला सस्पेन्स खातं शिकवलं होतं. ट्रायल बॅलन्स जुळत नसला, फरक कुठून आला ते सापडत नसलं, की तो आकडा तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकायचा. आमचे सर बजावून सांगायचे, की हे खातं चूक लपवायला नाही, शोधायला वेळ मिळावा म्हणून आहे. ताळेबंद करण्याआधी ते शून्यावर आलंच पाहिजे.

आपल्या घरांत पोटाच्या बाबतीत असं एक खातं वर्षानुवर्षं उघडं आहे, आणि त्याचं नाव आहे ‘ॲसिडिटी’. छातीत जळजळलं, ॲसिडिटी. पोट फुगलं, ॲसिडिटी. जेवण गेलं नाही, वजन उतरलं, जिना चढताना धाप लागली, तरी ‘उपवासाने ॲसिडिटी झाली असेल’. मग ओवा, हिंग, जिऱ्याचं पाणी, आणि दुकानातून आणलेली गोळी. नोंद झाली, पण फरक शोधला नाही.

घरगुती उपायांना माझी हरकत नाही. लग्नाच्या जेवणानंतर पोट बिघडलं तर दोन दिवस मऊ भात-ताक खाऊन बघायला काहीच हरकत नाही. प्रश्न दोन दिवसांचा नाही, दोन वर्षांचा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की पोटाच्या आजारांचं निदान आज आपल्या आईच्या काळापेक्षा कितीतरी सोपं झालंय आणि तरीही आपण आईच्याच काळातल्यासारखं अंगावर काढतो. त्याची किंमत घरातल्या बाईलाच मोजावी लागते.

माझ्या जाऊबाईंचं सांगते. त्या सांगलीकडे असतात, वय 66. अष्टमी-चतुर्दशी कधी चुकवली नाही, दशलक्षणात एकाशन ठरलेलं. दोन वर्षं हिमोग्लोबिन घसरत होतं, शेवटी पावणेआठवर आलं. बस्तीच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबायच्या. मी फोनवर म्हटलं, “तुम्ही एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा.” तर म्हणाल्या, “अगं, हे उपवासाचं आहे. पर्व संपलं की येतं वर.” लोहाच्या गोळ्या चालू होत्या. सगळ्यांना कारण पटलेलं होतं, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं. बाई धर्म करते म्हणून रक्त कमी आहे, यात कुणाला काळजी वाटणार?

शेवटी पुतण्याने जबरदस्तीने एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काकू, पाळी बंद होऊन किती वर्षं झाली?” सोळा. “मग रक्त जातंय कुठे?”

हा प्रश्न प्रत्येकीने लिहून ठेवावा असा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पण तो आकडा 15 ते 49 वयाच्या स्त्रियांचा आहे. त्या वयात पाळी आणि बाळंतपण हे कारण उघड असतं. पन्नाशीनंतर ते कारण उरत नाही. तेव्हा लोह कमी पडत असेल तर एक तर ते आहारातून मिळत नाही, किंवा आतड्यातून शोषलं जात नाही, किंवा पोटात कुठेतरी थेंब-थेंब रक्त जातंय. म्हणूनच पाळी थांबलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असला तर अन्ननलिका-जठर आणि मोठं आतडं, दोन्ही आतून तपासून घ्यावं, असं आता वैद्यकशास्त्र सांगतं. जाऊबाईंच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. उजवीकडच्या गाठीचं हेच वैशिष्ट्य, की रक्त डोळ्यांना दिसत नाही, पोटही फारसं दुखत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जातं. ऑपरेशन झालं, गाठ पसरलेली नव्हती. आज त्या बऱ्या आहेत. पण दोन वर्षं त्या ‘उपवासाच्या’ खात्यात पडून होत्या, हे मला विसरता येत नाही.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरांनाही आधी कुठे सगळं कळत होतं? खरं आहे. आपल्या लहानपणी अल्सर म्हटला की ‘तिखट आणि टेन्शन’ हेच कारण सांगितलं जायचं. माणसं वर्षानुवर्षं दूध-भातावर राहायची, शेवटी जठराचा तुकडा कापून काढायचे. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना अशा रोग्यांच्या जठरात एक नागमोडी जंतू सापडला. तो प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नव्हता. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि तेव्हा जंतू वाढलेला दिसला. लोकांना पटेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि जठराला सूज. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपल्या देशात तो फार लोकांच्या पोटात असतो, बहुतेकांना काही त्रासही देत नाही. पण ज्यांना अल्सर आहे त्यांच्यात तो शोधून मारला तर अल्सर पुन्हा पुन्हा होत नाही. जठराच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो.

आणि तो शोधायला दर वेळी दुर्बीण लागतेच असं नाही. एक चाचणी श्वासाची आहे: एक द्रव प्यायचा आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारायची. दुसरी शौचाच्या नमुन्याची. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या ‘प्राझोल’वाल्या गोळ्या चाचणीच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येऊ शकतो. आणि उपचार म्हणजे साधारण चौदा दिवस दोन-तीन अँटिबायोटिक्स. ते अर्ध्यात सोडायचे नाहीत. संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेला का ते बघायचं. अँटिबायोटिक्सचा वापर एवढा झालाय, की या जंतूवर काही औषधं आता चालेनाशी झालीत. अर्धवट कोर्स केलात तर तुमच्या पोटातला जंतूही तसाच निर्ढावेल.

या ‘प्राझोल’ गोळ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्यातल्या कितीतरी जणींच्या उशाशी त्या पाच-पाच वर्षं असतात. औषध वाईट नाही. अल्सर, अन्ननलिकेची सूज यांत ते मोठं वरदान आहे. पण ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, आणि किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरांनी सांगायचं असतं, औषधाच्या दुकानदाराने नाही. वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 कमी होऊ शकतं. आपण शाकाहारी, बी-12 आधीच काठावर, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन असली तर तीही बी-12 कमी करते. मग पायाला मुंग्या येतात आणि आपण म्हणतो, वय झालं.

दुसरी गोष्ट गुडघ्याच्या गोळ्यांची. वेदनाशामक गोळ्या जठराचं अस्तर खरवडतात. रिकाम्या पोटी उपवासात गुडघ्यासाठी गोळी आणि जळजळ होते म्हणून वरून ॲसिडिटीची गोळी, हा हिशोब कुठेच जुळत नाही. शौच डांबरासारखी काळी, चिकट झाली तर ते वरच्या भागातून रक्त जाण्याचं लक्षण असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण तो फरक घरात बसून ठरवू नका. त्याच दिवशी दाखवा.

आता दुर्बिणीची भीती. एंडोस्कोपी म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, पण या दुर्बिणीच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे हे किती जणींना माहीत आहे? पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी. लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या बारीक लवचीक तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवता येतं हे 1954 मध्ये दाखवलं. त्यावरूनच पुढे 1957 मध्ये अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी वळणारी दुर्बीण तयार केली. त्याआधी सरळ, कडक नळी घशातून घालायचे. आता नळी करंगळीएवढी जाड असते, पुढे छोटा कॅमेरा असतो, झोपेचं इंजेक्शन मिळतं, आणि जठराची तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. मोठ्या आतड्याच्या तपासणीत कोंबासारखी वाढ दिसली तर ती तिथल्या तिथे काढून टाकता येते. म्हणजे जी पुढे दहा वर्षांनी कॅन्सर झाली असती ती होण्याआधीच गेली. काही ठिकाणी आता संगणकही पडद्यावर लक्ष ठेवतो आणि डॉक्टरांच्या नजरेतून सुटेल अशा बारीक वाढीभोवती चौकट काढून दाखवतो. लहान आतड्यापर्यंत नळी सहज पोचत नाही, तिथे गोळीएवढा कॅमेरा गिळायचा. 2001 पासून ही सोय आहे. तो फोटो काढत जातो आणि आपला आपण बाहेर पडतो.

दुर्बिणीआधीची पायरी म्हणून शौचाच्या दोन चाचण्या आल्या आहेत. ‘फिट’ नावाची चाचणी डोळ्यांना न दिसणारं रक्त पकडते आणि तिच्याआधी खाण्याचं कुठलंही पथ्य लागत नाही. ‘कॅलप्रोटेक्टिन’ ही दुसरी, ती आतड्याला सूज आहे का ते सांगते. वर्षानुवर्षं पोट दुखतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, पण कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल, रक्त नॉर्मल, वजन स्थिर, अशा बाईला आतड्याचा मोठा दाह असण्याची शक्यता फार कमी. तो बहुधा आयबीएस, म्हणजे आतड्याचा चिडका स्वभाव. त्रास खराच असतो, ‘मनाचे खेळ’ नसतात, पण धोकादायक नसतो. त्यासाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने एक आहार शोधून काढलाय. त्यात सुरुवातीला वर्ज्य केलेल्या पदार्थांत पहिले दोन कोणते? कांदा आणि लसूण! हे वाचून लगेच छाती फुगवू नका. त्याच यादीत गहू, राजमा, छोले आणि दूधही आहे, आणि ते आपण भरपूर खातो. आपण कांदा-लसूण सोडला तो अहिंसेसाठी, आतड्यासाठी नव्हे. जे ज्या कारणाने केलं ते त्याच कारणाने मानावं, त्याला विज्ञानाचं सर्टिफिकेट लावायची गरज नाही.

सूज असली तर मात्र आपल्या देशात एक पेच आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स नावाचा आजार दुर्बिणीत आणि लक्षणांत इतके सारखे दिसतात, की मोठमोठ्या डॉक्टरांनाही विचार करावा लागतो. उपचार मात्र अगदी उलट. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, आणि तीच क्षयाच्या रोग्याला दिली तर क्षय भडकतो. म्हणून तुकडा काढून तपासणं, त्यात क्षयाचा जंतू आहे का ते जीन-चाचणीने बघणं, हे टाळू नका. “काय करायचंय एवढ्या चाचण्या, औषध द्या ना” म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. आणि क्षय निघाला तर लपवूही नका. सरकारी औषधं फुकट आहेत, आणि पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झाली आहे.

चाचणीने नेमकं नाव कळणं किती मोलाचं, हे पुण्याने 2025 च्या जानेवारीत पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या भागात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. आजार गुलेन-बारे, म्हणजे नसांचा, पण कितीतरी रोग्यांना त्याआधी साधे जुलाब झालेले होते. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि नजर पाण्याकडे वळली. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपण पाणी गाळतो ते जीवदयेसाठी, ते करतच राहू. पण गाळण्याने असे जंतू मरत नाहीत, उकळण्याने मरतात. पावसाळ्यात, किंवा पाण्याला वास आला, की गाळून मग उकळा.

यकृताचंही एक खातं आपण कधी उघडलेलंच नाही, कारण “आमच्यात कुणी दारूला शिवत नाही.” पण यकृतावर चरबी चढायला दारू लागत नाही. पोटाचा घेर, साखर, मैदा, तळलेलं फरसाण आणि मधुमेह पुरे. 2021 मध्ये केंद्र सरकारने हा आजार राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात घेतला. त्यातली चरबी सूज आणते, सुजेतून यकृत घट्ट होतं. ते किती घट्ट झालंय हे बघायला पूर्वी सुई घालावी लागायची. आता फायब्रोस्कॅन नावाचं यंत्र बरगडीवर टेकवून सांगतं. त्याआधीचा अंदाज तर वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरूनच निघतो. ‘फिब-4’ म्हणतात त्याला. पुढच्या वेळी रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना विचारा, “माझा फिब-4 किती?” मार्च 2024 मध्ये अमेरिकेत या आजाराच्या वाढलेल्या अवस्थेसाठी पहिलं औषध मंजूर झालं. पण आपल्यासाठी पहिलं औषध अजूनही तेच: वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवणं. सत्तर किलोच्या बाईने पाच ते सात किलो.

पित्ताशयाच्या खड्यांचं थोडं वेगळं. लांबलचक उपवासांनी, झपाट्याने वजन उतरलं की खडे व्हायची शक्यता वाढते, आणि ते बायकांमध्ये जास्त. मोठी तपश्चर्या करणाऱ्यांनी आधी एक सोनोग्राफी करून घेतली तर बरं. सोनोग्राफीत खडे दिसले पण त्रास नाही, तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. लागलंच तर घाबरू नका. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं भारतातलं पहिलं ऑपरेशन 1990 मध्ये आपल्या मुंबईतच, जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं. सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या रांगेत. चार छोटी छिद्रं, एक-दोन दिवसांत घरी.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे येते, जी डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. व्रत.

एंडोस्कोपीसाठी सहा-आठ तास पोट रिकामं लागतं. आपण सूर्यास्तानंतर जेवतच नाही, तेव्हा सकाळची वेळ घ्या, आपल्याइतकी तयारी कुणाचीच नसते. मोठ्या आतड्याच्या तपासणीला दोन-तीन लिटर औषधाचं पाणी प्यावं लागतं, आणि सहसा त्यातलं अर्धं आदल्या संध्याकाळी-रात्री देतात. रात्री पाणीही न घेणाऱ्या कितीतरी बायका इथेच अडतात आणि तपासणी रद्द करतात. रद्द करू नका, सांगा. तपासणी दुपारची ठेवली तर सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घेता येतं, ही मान्य पद्धत आहे. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तेही वेळ घेतानाच विचारा. आणि मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या कोणत्या दिवशी घ्यायच्या, कोणत्या नाही, हे न विचारता स्वतः ठरवू नका.

दुसरा प्रश्न कॅप्सूलचा. बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून असतं. त्यामुळे औषधच न घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण आम्ल कमी करणारी बरीचशी औषधं गोळीच्या रूपातही मिळतात, आणि वनस्पतीपासून केलेली कवचंही असतात. डॉक्टरांना एवढंच म्हणा, “आम्ही जैन, जिलेटिन चालत नाही, गोळीत काही आहे का?” मात्र कवच फोडून आतली पूड स्वतःच्या मनाने खाऊ नका. काही औषधं जठरात विरघळायचीच नसतात.

याहून अवघड एक आहे, तेही लपवत नाही. स्वादुपिंड निकामी झालं तर जे पाचक औषध देतात ते डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेलं असतं आणि त्याच्या तोडीचा दुसरा पर्याय सहज मिळत नाही. ते घ्यावं की न घ्यावं हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. ज्या बाईचं पोट आहे तिने पूर्ण माहिती घेऊन, डॉक्टरांशी आणि आपल्या महाराजांशी किंवा माताजींशी बोलून ठरवावं. जी घेईल तिच्याकडे बोट दाखवायचं नाही, जी घेणार नाही तिलाही मूर्ख म्हणायचं नाही. पण तिला न सांगता पाण्यातून देणं, किंवा तिच्या वतीने सुनेने-मुलाने नाही म्हणणं, हे दोन्ही मला मान्य नाही.

राहिला पैसा. कितीतरी जणी तपासणी टाळतात ती भीतीने नव्हे, तर “माझ्यावर कशाला एवढा खर्च” म्हणून. यजमानांच्या ॲन्जिओग्राफीला आपण दागिने काढून देतो आणि स्वतःच्या हिमोग्लोबिनला बीट खात बसतो, छे, बीटही आपल्याला चालत नाही, खजूर खात बसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती खुली झाली आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण या योजना मुख्यतः भरती झाल्यावरच्या उपचाराला कामी येतात. जी साधी तपासणी आधी करायची, तिचा खर्च बहुधा आपल्या पदरचा. नेमकी तिथेच बाई मागे हटते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्यात चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. आहारदानाच्या पंगती आपण दणक्यात घालतो, त्याच्या पाट्याही लागतात. औषधदान म्हणजे मात्र शिबिरात वाटलेल्या टॉनिकच्या बाटल्या. औषधाआधी निदान लागतं. आपल्या महिला मंडळाने, बस्तीच्या ट्रस्टने औषधदानाच्या रकमेतला एक भाग निदानासाठी वेगळा काढावा. पन्नाशीपुढच्या प्रत्येक श्राविकेचं वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावं. ज्यांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली येईल त्यांना फिजिशियनकडे पाठवावं आणि पुढची तपासणी डॉक्टर सांगतील ती. ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च ट्रस्टने करावा, नाव न वाचता, पाटी न लावता. नवी मुंबईत आपल्याला लांब जायची गरज नाही. कॅन्सरचं निघालंच तर टाटा मेमोरिअलचं ॲक्ट्रेक इथे खारघरलाच आहे, परळपर्यंतही जावं लागत नाही.

कुणी म्हणेल, धर्माच्या पैशातून शौचाच्या तपासण्या? होय. शरीर हे तपाचं साधन आहे असं प्रवचनात ऐकतो ना आपण? मग ते साधन आतून झिजत असेल तर बघायला नको?

तोवर प्रत्येकीने आपल्यापुरतं हे करावं. घास अडकतो, न ठरवता वजन उतरतंय, शौच काळी किंवा रक्ताची, उलट्या थांबत नाहीत, डोळे पिवळे, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेला पोटाचा त्रास, किंवा पाळी गेल्यावर उतरणारं हिमोग्लोबिन: यांतलं एक जरी असलं तर ते ‘ॲसिडिटी’च्या खात्यात टाकायचं नाही. आठवड्याच्या आत डॉक्टर. रक्त किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी.

आणि आज हे वाचून झालं की कपाटातली फाइल काढा. तुमचं शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं, कोणत्या तारखेला, ते बघा. सासूबाई असतील तर त्यांचंही. बाराच्या खाली असेल आणि कारण कुणी शोधलेलं नसेल, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट बघू नका, या सोमवारीच वेळ घ्या. सोबत कुणी नसेल तर मला सांगा, मी येते.

जय जिनेंद्र.